पडीक जोते

निवृत्त भूमापकाच्या दारात माणूस दोनच कामांसाठी येतो. एक तर शेजाऱ्याने बांध कोरलेला असतो, नाहीतर भावाभावांत वाटणी करायची असते आणि कोर्टाची पायरी चढायची नसते. म्हणून माघी पौर्णिमा होऊन गेल्यावर एक ऐंशी पार केलेले गृहस्थ फाटक लोटून आत आले तेव्हा मी सवयीने विचारलं, "गट नंबर काय?"

"नंबर-बिंबर माहीत नाही हो," ते म्हणाले. "आमच्या मशिदीचं जोतं शोधतोय. बाजारात कुणीतरी तुमचं घर दाखवलं."

मी त्यांना वाट सांगितली. बाजारपेठ संपली की मोहल्ला, तिथून सरळ. ते खुर्चीत टेकले, डोक्यावरची लहान गोल टोपी सारखी केली आणि म्हणाले, "ती मुसलमानांची. मी आमची विचारतोय."

मी ३६ वर्षं या जिल्ह्यात जमिनी मोजल्या. १९७८ साली नोकरीला लागलो तेव्हा जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं, १९८१ मध्ये रायगड झालं. परिरक्षण भूमापक म्हणून सुरुवात, निमतानदार म्हणून निवृत्ती. गावठाणाचा कोपरा न् कोपरा माझ्या टेपाखालून गेलेला. आणि गावात दोन मशिदी होत्या हे मला माहीत नव्हतं. खरं तर माहीत होतं, पण ते पुढे येईल.

गावाचं नाव लिहीत नाही. दक्षिण रायगडातलं, खाडीकाठचं, एवढं पुरे. त्या जागेवर सध्या दोघातिघांचा डोळा आहे, आणि कुठल्या कागदाचा पुढे कोण कसा उपयोग करील हे मी नोकरीत पुष्कळ पाहिलंय.

पाहुणे इस्राएलमधल्या अश्दोदहून आले होते. बरोबर नातू होता, तो गाडीत गारवा लावून मोबाइल बघत बसला. आदल्या दिवशी ते अलिबागजवळच्या खंडाळ्याला जाऊन आले होते. तिथल्या खडकावर एलियाहू हन्नबी या प्रेषिताच्या रथाच्या चाकाची आणि घोड्याच्या टापांची खूण आहे अशी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या यहुदी लोकांची श्रद्धा. त्यांच्या शेवाट महिन्याच्या पंधराव्या तिथीला, म्हणजे आपल्या पौर्णिमेच्या सुमाराला, मलिदा करतात: भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वर फळं. त्या दिवसाला जुनी माणसं 'एलियाहू हन्नबीचा उरूस' म्हणत. पिशवीतून एक डबा काढून त्यांनी माझ्यापुढे सरकवला. मलिदा किंचित आंबूस झाला होता. मी खाल्ला.

उरूस म्हणाले, मशीद म्हणाले. थोड्या वेळाने रोजा आणि काजीही आले. माझ्या लक्षात आलं की या शब्दांनीच ती जागा माझ्यापासून लपवून ठेवली होती. कोकणातले हे यहुदी शतकानुशतकं मुसलमान शेजाऱ्यांच्या बरोबरीने राहिले. धर्मकृत्यं करणारा तो काजी, उपास तो रोजा आणि प्रार्थनेची जागा ती मशीद. सिनेगॉग हा शब्द मागाहून आला, छापील पुस्तकांतून आणि मुंबईतून. मुंबईला मांडवीत सामाजी हसाजी दिवेकर यांनी १७९६ साली बेने इस्राएलांचं पहिलं सिनेगॉग बांधलं. हे दिवेकर कंपनी सरकारच्या पलटणीत होते, टिपूच्या कैदेत पडले होते, तिथून सुटले म्हणून नवस फेडला, अशी हकीकत समाजात सांगतात. १८४० साली दुसरं झालं, तेव्हा लोकांनी पहिल्याला 'जुनी मशीद' आणि दुसऱ्याला 'नवी मशीद' म्हणायला सुरुवात केली. मस्जिद बंदर स्टेशनाचं नाव या जुन्या मशिदीवरून पडलं असंही सांगतात. रोज लाखभर माणूस त्या फलाटावर उतरतो आणि मशीद म्हटल्यावर त्याच्या मनात जे येतं तेच माझ्या मनात आलं होतं.

शनवार तेली हे नाव मात्र मला ठाऊक होतं. कोकणात दोन प्रकारचे तेली. सोमवारी घाणा बंद ठेवणारे, शंकराचा वार पाळणारे हिंदू, ते सोमवार तेली. शनिवारी बैल न जुंपणारे ते शनवार तेली, म्हणजे हेच यहुदी. आडनावं आपल्यासारखीच, गावावरून पडलेली: पेणकर, रोहेकर, चौलकर, दिवेकर, किहीमकर, राजपूरकर. त्यांचे पूर्वज नौगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आले, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या, बुडालेल्यांना तिथेच पुरलं, ही कथा इतक्यांनी इतक्यांदा सांगितली आहे की मी पुन्हा सांगत नाही. पोथ्या समुद्रात गेल्या, तोंडात फक्त 'शेमा इस्राएल' एवढी एक प्रार्थना राहिली, हा त्यातला भाग मला आवडतो. कागद हरवल्यावर माणसाला काय तोंडपाठ राहतं, हा आमच्या खात्याचाही जुना प्रश्न आहे.

दुसरी एक गोष्ट आत्ताच सांगून टाकतो. हा विषय निघाला की आपल्याकडची माणसं लगेच छाती फुगवून सांगतात, बघा, जगभर छळ झाला, पण आम्ही त्यांना कसं सांभाळलं. खोटं नाही ते. पण मी जोत्याचा शोध घेतला तेव्हा कळलं की सांभाळणं म्हणजे काय याचा हिशोब जरा बारकाईनेच करायला हवा. चिरे कुठे गेले तेही पुढे येईल.

पाहुण्यांना घेऊन मी वरच्या आळीतल्या आक्कांकडे गेलो. आक्का ८८ वर्षांच्या. डोळ्यांना कमी दिसतं, पण कान आणि जीभ शाबूत. ओटीवर बसून सुपारी कातरत होत्या. मी म्हटलं, "आक्का, हे लांबून आलेत, इस्राएलहून."

"कुठल्या घरचा?"

पाहुण्यांनी वडिलांचं नाव सांगितलं. आक्कांचा अडकित्ता थांबला. "घाण्यावरचा धाकटा तू? चिंचेवरून पडून हात मोडलेला?"

त्यांनी काही न बोलता शर्टाची बाही वर केली. कोपर वाकडं होतं.

मग तासभर मी फक्त चहा प्यायलो. आक्कांना सगळं आठवत होतं, फक्त क्रमाने नव्हे. शनवारी त्यांच्याकडे चूल पेटत नसे, म्हणून शुक्रवारी दुपारपासून भाकऱ्या थापल्याचा आवाज. दारफाळणीच्या सणाला दारं लोटलेली, माणसं पांढऱ्या कपड्यांत, दिवसभर अन्नपाणी नाही, आणि पोरांनी त्या घरांकडे फिरकायचं नाही अशी आईची ताकीद. दुसऱ्या दिवशी शिला सण, तेव्हा पोरांना खाऊ मिळे. श्रावणाच्या आगेमागे बिरड्याचा रोजा असायचा. बिरडं म्हणजे आपलं वालाचंच, मोड आणून सोललेलं. "तुझी आई वाल इतके भराभर सोलायची," आक्का म्हणाल्या, "की माझी आई मला तिच्याकडे शिकायला बसवायची." बिरड्याचा रोजा म्हणजे जेरुसलेमचं मंदिर पाडलं गेलं त्या दिवसाचा उपास, हे मला पाहुण्यांनी परतताना सांगितलं. आक्कांना ते ठाऊक नव्हतं, आणि ते ठाऊक नसल्याने त्यांच्या आठवणीतलं काही कमीही झालेलं नव्हतं.

मशीद कुठे होती, हे विचारल्यावर मात्र दोघांचं जमेना. आक्का म्हणाल्या विहिरीच्या वर. पाहुणे म्हणाले विहीर मशिदीच्या उजव्या हाताला. विहीर बुजलेली, चिंच तोडलेली, आळीत तीन नवे बंगले. आठवणीतली अंतरं नेहमी चुकतात. पोराच्या पावलांनी मोजलेली वाट म्हातारपणी निम्मी होते, हे मी हद्दीच्या भांडणांत शेकडो वेळा पाहिलंय.

"कसं होतं जोतं?" मी विचारलं.

"चिऱ्याचं. चार पायऱ्या, काळ्या दगडाच्या. आणि मधोमध तेवा."

"तेवा म्हणजे?"

"चौथरा. त्याच्यावर कठडा. तिथे उभं राहून हज्जान प्रार्थना सांगायचे."

मधोमध चौथरा. हे ऐकलं आणि माझ्या पोटात खड्डा पडला.

माझ्याकडे सगळ्या वर्षांच्या कच्च्या डायऱ्या आहेत. सरकारी टिपणं कार्यालयात राहतात, पण मी रोजचं मोजणीचं काम खिशातल्या डायरीत लिहून ठेवायचो आणि बायकोच्या कटकटीला न जुमानता त्या माळ्यावर ठेवल्या. रात्री शिडी लावली. १९८७ची डायरी वाळवीने कडेला खाल्लेली, पण आतली पानं शाबूत. नोव्हेंबरात आम्ही या गावचं गावठाण मोजलं होतं. प्लेन टेबल, टेप, दोन साखळीवाले आणि मी. त्या आळीच्या पानावर माझ्या अक्षरात लिहिलं होतं:

"पडीक जोते, चिरा. ११.२ × ८.६. मध्ये चौथरा १.९ × १.९, तुळशीवृंदावन? मालक समोर नाही."

वृंदावनापुढे मी प्रश्नचिन्ह टाकलं होतं, म्हणजे तेव्हाही मला खटकलं असणार. तुळस अंगणात असते, घराच्या ऐन मध्यावर, चार भिंतींच्या आत कशी असेल? पण संध्याकाळ झाली होती, साखळीवाल्यांची शेवटची एसटी होती, आणि पडीक जोत्याबद्दल कुणी तक्रार घेऊन येत नाही. पक्क्या नकाशात तो चौथरा मी उतरवलाच नाही. बाहेरची हद्द काढली आणि आत दोन शब्द लिहिले. इंग्रजांच्या काळातल्या जुन्या नकाशात तिथे 'मशीद' लिहिलेलं मी पाहिलं होतं, आणि मशीद तर मोहल्ल्यात आहे, म्हणजे जुन्या माणसाची जागा चुकली असणार, असं मानून मोकळा झालो होतो. त्या जुन्या कारकुनाचं बरोबर होतं. चूक माझी.

दुसऱ्या दिवशी सकाळी डायरी, टेप आणि प्लेन टेबलाबरोबरची जुनी होकायंत्राची पेटी घेऊन आम्ही निघालो. नातूही आला. तिसऱ्या बंगल्याच्या कुंपणामागे करवंदीची आणि रानतुळशीची जाळी माजली होती. डायरीतल्या दोन पक्क्या खुणा अजून उभ्या होत्या, देवळाच्या सभामंडपाचा कोपरा आणि एका घराची चिरेबंदी भिंत. दोन्हीकडून टेप धरला, कंस मारले, आणि जिथे ते छेदत होते तिथे कोयता चालवला. वीतभर पालापाचोळ्याखाली चिरा लागला.

जोत्याचा एक कोपरा पूर्ण गेलेला. बाकीचं घोट्याएवढं शिल्लक. पाहुण्यांनी बूट काढले. मला वाटलं पावित्र्य म्हणून, पण ते म्हणाले, "बुटांत पाय सरकतात, जांभ्यावर अनवाणीच बरं."

मी पेटी मांडली. लांब बाजू सरळ पूर्व-पश्चिम. पश्चिमेच्या भिंतीत हेखाल असायचं, म्हणजे तोराच्या, त्यांच्या धर्मग्रंथाच्या, गुंडाळ्या ठेवायचं कपाट, कारण जेरुसलेम पश्चिमेला. मक्काही पश्चिमेलाच. म्हणून नुसत्या तोंडावरून हे जोतं कुणाचं ते ठरत नाही. नंतर घरी बसून मी हिशोब केला. आमच्या गावातून पृथ्वीच्या गोलाईवरून सरळ रेघ काढली तर मक्का पश्चिमेपासून उत्तरेला साधारण ११ अंश येते आणि जेरुसलेम साधारण २९ अंश. बांधणाऱ्या गवंड्याने यातलं काही केलं नव्हतं. त्याने आळीच्या रेषेला धरून जोतं घातलं होतं. कुठल्याही गवंड्याने तेच केलं असतं.

निर्णय केला तो मधल्या चौथऱ्याने. १९८७ मध्ये तो गुडघ्याएवढा होता, आता दोन थर उरलेत. टेप लावला. १.९ ला दोन बोटं कमी. मी डायरीतला आकडा मोठ्याने वाचला आणि माझं मलाच कौतुक वाटलं, हे लपवत नाही.

पाहुणे चौथऱ्याला पाठ देऊन उभे राहिले आणि हाताने दाखवू लागले. इथे पुरुषांचे बाक. मागच्या पडवीत बायका, मध्ये लाकडी जाळी. हेखालसमोर काचेच्या भांड्यात खोबरेलाचा दिवा, कायम तेवता, त्याला तेल त्यांच्याच घाण्यावरचं. उजव्या कोपऱ्यात उंचावर एक रिकामी खुर्ची, एलियाहू हन्नबीची, सुंतेच्या वेळी तान्ह्या मुलाला तिच्यावर टेकवायचे. दाराच्या उजव्या चौकटीवर मेझुझा, म्हणजे धर्मग्रंथातल्या ओळींची लहानशी नळी, तिरका ठोकलेला. हे ऐकताना मला आळीतल्या एका घराची चौकट आठवली. ते घर आता तिसऱ्या मालकाकडे आहे. चौकटीला खांद्याच्या उंचीवर बोटभर लांबीची तिरकी खाच आहे, वर आणि खाली एकेक खिळ्याचं भोक. मी तिथे चहाला कितीदा गेलोय. उंदराने कुरतडलं असेल असं वाटायचं.

आणि अलिबाग! तिथे मी तीन वर्षं होतो. इस्राएल आळीत आमचा चहाचा अड्डा होता. त्याच आळीत मागेन अबोथ हे सिनेगॉग उभं आहे, १८४८चं, १९१० साली नव्याने बांधलेलं. रेवदंड्याचं बेथ एल १८४२चं, पेणचं १८६३चं. मी त्यांच्यापुढून साखळीची पिशवी खांद्याला लावून शेकडो वेळा गेलो असेन, कधी आत डोकावलो नाही. डोकावलो असतो तर चौथरा ओळखला असता.

"बंद कधी पडली?" मी विचारलं.

पाहुण्यांनी लगेच उत्तर दिलं नाही. नातवाला हिब्रूत काहीतरी सांगून पाणी मागवलं. मग चौथऱ्यावर बसले.

बंद पाडायला कुणी आलं नव्हतं. माणसं कमी होत गेली, एवढंच. मुंबईला जायची सुरुवात अठराव्या शतकातच झालेली. पलटण, गोदी, रेल्वे, मग मुलींना नर्सिंग आणि शाळांत शिक्षकी. घाण्याचं तेल गिरणीच्या तेलापुढे टिकेना. १९४८ नंतर इस्राएलची वाट उघडली. यांच्या लहानपणी आळीत सहा घरं उरली होती. प्रार्थना पूर्ण व्हायला तेरा वर्षांवरचे दहा पुरुष लागतात, त्याला मिन्यान म्हणतात. दहा नसले तर तोराची गुंडाळी उघडून वाचता येत नाही, मेलेल्यांसाठी कद्दिश म्हणता येत नाही. म्हणून किप्पूरला, म्हणजे दारफाळणीला, मुंबईचे नातलग बोटीने यायचे आणि संख्या भरायची.

"त्या वर्षी आठ आपले गावातले आणि मुंबईचे दोघे येणार होते. एक आला. दुसऱ्याची बोट चुकली. भाऊच्या धक्क्यावर पोचला तेव्हा ती निघून गेली होती. दुसऱ्या दिवशीच्या बोटीने निघाला तर वाटेतच सूर्य मावळणार, आणि किप्पूर लागल्यावर प्रवास करायचा नाही. तिकडेच राहिला. नऊ झाले."

"मग?"

"मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी बारा वर्षांचा होतो. तेरावं लागायला पाच महिने होते."

एका काकांनी म्हटलं, पोराच्या हातात पुस्तक द्या, चालवून घेऊ. हज्जान नाही म्हणाले. भांडण नाही, आवाज नाही. त्यांनी हेखालचा पडदा उघडला, गुंडाळीकडे पाहिलं आणि पुन्हा बंद केला. दिवसभर प्रत्येकाने आपापली प्रार्थना मनातल्या मनात म्हटली. यांच्या वडिलांना आपल्या वडिलांचा कद्दिश म्हणायचा होता, तो राहिला.

"घरी येताना बाबा काही बोलले नाहीत. पण मला वर्षभर वाटत राहिलं की मी जरा लवकर जन्माला यायला हवं होतं."

पुढच्या उन्हाळ्यात सेफर तोरा, म्हणजे ती गुंडाळी, मुंबईला नेली. चादरीत गुंडाळून, ट्रंकेत न घालता, कारण ट्रंक एसटीच्या टपावर टाकतात. दोघांनी आळीपाळीने मांडीवर घेतली. कंडक्टरने तिचंही तिकीट मागितलं, असं सांगून ते हसले. दिवा कोणी विझवला, हे मी विचारलं नाही.

नंतर आळी रिकामी झाली आणि इमारत उभी राहिली. कोकणातल्या पावसात कौलं फिरवली नाहीत तर घर चार पावसाळे काढत नाही. आधी कौलं सरकली, मग वासे कुजले, मग भिंत बसली. आणि मग गावाला चिरे दिसले. हे मी आक्कांकडून आणि आणखी दोन म्हाताऱ्यांकडून काढून घेतलं. एकाच्या गोठ्यात सागाची तुळई आहे. चार काळ्या पायऱ्यांपैकी दोन बुजलेल्या विहिरीच्या काठाला, धुणं धुवायला. एक ध्वजस्तंभाच्या चौथऱ्यात. चौथी सापडली नाही. कुणी चोरी म्हणून नेलं नाही, "पडलंय ते कामाला येईल" म्हणून नेलं. माझ्या स्वतःच्या आजोळच्या परसातल्या पायऱ्यांकडे मी परवा बराच वेळ बघत होतो. काळ्या नाहीत, जांभ्याच्या आहेत.

दफनभूमी मात्र गावाबाहेर काजूच्या बागेला लागून आहे आणि शाबूत आहे. मेलेल्यांच्या वाटेला कोणी जात नाही. दगडांवर वर हिब्रू आणि खाली बाळबोध मराठी. पाहुण्यांनी आजोबांच्या दगडावरचं शेवाळ बाभळीच्या काटकीने खरवडलं, आणि मग जवळचा एक खडा उचलून वर ठेवला. नातवाला हिब्रू वाचता येत होतं, मला मराठी. आम्ही दोघांनी मिळून तो दगड पुरा वाचला.

जेवताना इस्राएलच्या गोष्टी निघाल्या. ते १९६३ साली गेले. तिथे गेल्यावर लग्नासाठी नोंद करायला गेले तर विचारलं, तुम्ही यहुदी कशावरून? तिथल्या धर्मपीठाला बेने इस्राएलांच्या वंशाबद्दल शंका होती. १९६४ च्या उन्हाळ्यात समाजाने जेरुसलेमला धरणं धरलं, हेही बसले होते, आणि ऑगस्टमध्ये तिथल्या संसदेने ठराव केला की बेने इस्राएल सर्व अर्थांनी यहुदीच आहेत. "इथे आम्हाला शनवार तेली म्हणायचे," ते म्हणाले, "पण पुरावा कोणी मागितला नाही." मग भाताचा शेवटचा घास घेऊन म्हणाले, "तिकडे लोक आम्हाला हिंदी म्हणतात आणि इकडे आलं की पोरं 'इस्राएलवाले आले' म्हणतात." यावर माझ्या बायकोने त्यांना आणखी सोलकढी वाढली.

२०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांच्या मोजण्या होत आहेत. काम झकास असतं, चूक झालीच तर चार-पाच सेंटीमीटरांची. माझ्या एका जुन्या शिष्याने संगणकावर आमची आळी उघडून दाखवली. तीन बंगल्यांची छपरं स्पष्ट, आणि त्यांच्यामागे हिरवा ठिपका. ड्रोनला करवंद दिसतं, त्याखालचं जोतं दिसत नाही. त्याच्याही आधी ज्याने ते पाहिलं, त्याने आतला चौथरा वगळला. सरकारी नकाशा आता मला दुरुस्त करता येत नाही. निवृत्त माणसाची सही कोणी घेत नाही.

पण कागद माझा, पेन्सिल माझी. पाहुणे निघायच्या आदल्या रात्री मी जाड ड्रॉइंग पेपरवर नकाशा काढला, शंभरास एक प्रमाणात. उत्तरेचा बाण, चारही बाजूंची मापं, देवळाच्या कोपऱ्यापासूनचं अंतर, बुजलेली विहीर ठिपक्यांच्या रेघेने. आत तेवा, हेखालची भिंत, बायकांची पडवी, खुर्चीचा कोपरा, जिथे जिथे त्यांनी हात केला होता तिथे तिथे. बाक कुठे होते ते त्यांनी बोटाने दाखवलं, मी रेघा मारल्या. मोजलेलं ते काळ्या पेन्सिलीने आणि सांगितलेलं ते लाल पेन्सिलीने, हा आमच्या खात्याचा नियम नाही, माझा आहे. शेवटी खाली सुंदर अक्षरात नाव घातलं: 'मशीद (बेने इस्राएल)'.

त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं. एका बाकाच्या रेघेवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हा एक अर्धा फूट पुढे घ्या." मी खोडून घेतला. मग त्यांचं बोट नावाशी आलं.

"कंस कशाला?" ते म्हणाले. "आम्ही मशीदच म्हणायचो."

मी रबर घेतला.